दार आतून उघडतं

लालबागच्या चाळीत मामाची खोली तिसऱ्या मजल्यावर, जिन्याच्या अगदी तोंडाशी. श्रावणातला शनिवार होता. दिवसभर पाऊस कोसळला होता, हिंदमाताला गुडघाभर पाणी साचलं होतं आणि खाली रस्त्यावर मंडपाचे बांबू उभे राहत होते. ताई दवाखाना बंद करून आली तेव्हा मामा गॅलरीत उकिडवा बसून तुळशीच्या कुंडीखालची ताटली न्याहाळत होता. ताटलीत बोटभर पाणी आणि त्यात वळवळणाऱ्या अळ्या.

मामाने महापालिकेच्या आरोग्य खात्यात तीसेक वर्षं काढली, त्यातली निम्मी डासांच्या मागे. ताईचा दवाखाना इथून दोन गल्ल्या सोडून. शहरात साथ शिरली की पहिल्या आठवड्यात काय करायचं, यावर या दोघांचं कधी एकमत झालेलं नाही. त्या संध्याकाळचा त्यांचा वाद इथे मांडतो आहे, कारण तो आमच्या घरापुरता नाही. ज्या शहरात खाटा कमी आणि माणसं दाटीवाटीने राहतात, त्या प्रत्येक शहराचा तो वाद आहे.

मामा : हे बघ. डोकं खाली, शेपूट वर, तिरकी लोंबकळतेय ना? म्हणजे ही मलेरियाची नव्हे. मलेरियाच्या डासाची अळी पाण्यावर आडवी पडून राहते, काडीसारखी. आज ही ताटली पालथी केली की विषय संपला. आठ-दहा दिवस राहू दिली की यातून डास उडणार आणि तुझ्या दवाखान्यात रांग लागणार. माझं सगळं म्हणणं या ताटलीत आहे, बाय. साथ लहान असते तेव्हाच तिच्यावर तुटून पडायचं. मोठी झाली की मग तिला ना तुझं केईएम पुरतं ना कस्तुरबा.

ताई : ताटली पालथी करायला कुणाला विचारावं लागत नाही, मामा. अळी खोटं बोलत नाही, पळून गावाला जात नाही, तिचा खाडा पडत नाही. आज सकाळी एक पोरगा आला, घरोघरी पार्सल पोचवणारा. तापाचा चौथा दिवस, डोळे लाल, पोटऱ्या धरलेल्या. पुराच्या पाण्यातून चाललास का, विचारलं. नाही म्हणाला. तीनदा विचारलं, तीनदा नाही. शेवटी चप्पल काढायला लावली. तळपाय भिजून पांढरे पडलेले आणि टाचेला उघडी जखम. लेप्टोस्पायरोसिस निघाला तर भरती करतील, भरती झालो तर काम जाईल, ही भीती. २००५च्या पुरानंतर लेप्टोने या शहराला काय शिकवलं? साचलेल्या पाण्यातून चाललात तर ७२ तासांच्या आत डॉक्टरकडे या, प्रतिबंधक गोळी घ्या. इतकं सोपं आहे. पण पोराने खरं सांगायला तर हवं! त्याचे ७२ तास भीतीतच गेले.

मामा : म्हणून काय खात्याने वाट बघत बसायचं? गेल्या शतकाच्या सुरुवातीला या शहरात कोटापासून गिरगावापर्यंत घराघरात विहिरी होत्या. मलेरियाने माणसं पिवळी पडायची. बेंटली नावाच्या डॉक्टरने शोध घेतला आणि १९११च्या अहवालात सांगितलं की डास दलदलीतून नाही, तुमच्या अंगणातल्या विहिरीतून येतो. केवढा विरोध झाला! विहीर पवित्र, पूजेला उघडं पाणी हवं, झाकण घालायचं नाही. पालिका मागे हटली नाही. विहिरी बुजवल्या, नाहीतर झाकल्या. आजही पाण्याच्या टाकीला घट्ट झाकण आणि चढायला शिडी नसेल तर कलम ३८१खाली नोटीस निघते. मी अशा नोटिसा शेकड्याने बजावल्या. लोक मला शिव्या घालायचे, आणि त्यांची पोरं ठणठणीत राहायची.

ताई : विहिरीला झाकण घालणं आणि माणसाला झाकून ठेवणं यात फरक आहे, एवढंच माझं म्हणणं. माणसावर सक्ती केल्यावर काय होतं ते याच शहराने १८९६ला पाहिलंय.

मामा : १८९६चं उदाहरण माझं आहे, तुझं नाही! मांडवीला डॉक्टर अकासियो व्हिएगस होते, मूळ गोव्याचे. धोबी तलावाला मेट्रोसमोर त्यांचा पुतळा आहे, आपण रोज बसमधून त्याच्यापुढून जातो. गोदामांच्या त्या वस्तीत माणसं तापाने फणफणत होती, जांघेत-काखेत गाठी येत होत्या. २३ सप्टेंबरला त्यांनी पालिकेच्या स्थायी समितीसमोर उभं राहून सांगितलं की हा प्लेग आहे. आणि अधिकारी काय करत होते? तो शब्द टाळत होते. गाठीचा ताप म्हणत होते. प्लेग म्हटलं की बंदर बसणार, परदेशांत आपल्या बोटी अडणार, कापसाचा व्यापार ठप्प होणार. मांडवी म्हणजे केवढीशी जागा! त्या आठवड्यात ती वस्ती रिकामी करून, गोदामं साफ करून, लोकांची सोय दुसरीकडे केली असती तर पुढची वीस वर्षं आपण प्लेग भोगला नसता. हा उशीर मऊपणाचा आहे.

ताई : उशिराबद्दल मी तुझ्या बाजूने आहे. पण मऊपणा कुणाच्या बाबतीत होता ते बघ. व्यापाऱ्यांच्या आणि साहेबांच्या बाबतीत. आणि नंतर कडकपणा आला तो कुणाच्या वाट्याला? ६ ऑक्टोबरला आयुक्त स्नोसाहेबांनी हुकूम काढला की रोग्याला जबरीने इस्पितळात हलवता येईल, घर वेगळं पाडता येईल. ऑर्थर रोडचं इस्पितळ, म्हणजे आजचं आपलं कस्तुरबा. तिथे नेलेला माणूस परत येत नाही, असं गिरणगावात प्रत्येकाच्या तोंडी झालं. २९ ऑक्टोबरला हजारभर गिरणी कामगार त्या इस्पितळावर चालून गेले. दुसऱ्याच दिवशी सरकारला हुकूम सैल करावा लागला. पण तोवर जे व्हायचं ते झालं होतं. लोक रोगी लपवायला लागले आणि शहर सोडायला लागले. सव्वाआठ लाखांच्या आसपास वस्तीच्या शहरातून फेब्रुवारीपर्यंत साडेतीन लाखांहून जास्त माणसं निघून गेली. कुणी बोटीने कोकणात, कुणी आगगाडीने घाटावर. सोबत गाठोडी नेली आणि रोगही नेला. रोग एका शहरात कोंडायला निघालेल्या सरकारनेच तो गावोगाव पोचवला.

मामा : घाबरवून पोचवला म्हण. आणि पुण्यात तर प्लेग अधिकारी रँडच्या कारभाराने कहर केला. सोजिरांनी देवघरात शिरायचं, बायकांची तपासणी करायची, घर उपसायचं. त्याचा शेवट २२ जून १८९७च्या रात्री गणेशखिंडीत रँडवरच्या गोळीबारात झाला. तो कारभार मी कधीच योग्य म्हणणार नाही. पण एक गोष्ट तू सोडून देतेस. उशीर झाला की सरकार दांडगं होतं. सप्टेंबरात शंभर घरांशी सभ्यपणे बोलता आलं असतं. मार्चमध्ये गॅटेकर सेनापती आणावा लागला, कारण घरं हजारो झाली होती. सभ्यपणाला वेळ लागतो, आणि तो वेळ फक्त सुरुवातीला हातात असतो.

हे म्हणताना मामाने ताटलीतलं पाणी कोरड्या कोपऱ्यात ओतलं आणि ताटली पुसून उन्हाच्या जागी उपडी ठेवली. ताई क्षणभर गप्प होती. मला वाटतं, हे वाक्य तिला पटलं होतं.

ताई : हे खरं आहे. पण त्याला दुसरी बाजूही आहे. सक्ती करणाऱ्याला आपण बरोबरच आहोत असं वाटतं, आणि बऱ्याचदा तो चुकीच्या शत्रूशी लढत असतो. त्या वर्षी सरकारने जमिनी उकरल्या, कौलं काढली, गटारांत कार्बोलिक ओतलं, घराघरावर खुणा रंगवल्या. उंदीर मात्र या घरातून त्या घरात गेले. उंदरावरची पिसू हा रोग पसरवते हे सिमाँने १८९८ला मांडलं, आणि ते नीट पटायला पुढची दहाएक वर्षं गेली. पक्का पुरावा मिळाला तो इथेच, परळच्या प्रयोगशाळेत. म्हणजे माणसं कोंडत होतो तेव्हा आपल्याला रोग कळलेलाही नव्हता. अर्धवट माहितीवर एवढी सक्ती करायची असेल तर ती मागे घेण्याची तयारीही ठेवावी लागते.

मामा : परळच्या प्रयोगशाळेचं नाव काढलंस ते बरं झालं. ती इमारत गव्हर्नराची कोठी होती. १८८२ला तिथे गव्हर्नराची बायको, लेडी फर्ग्युसन, कॉलऱ्याने गेली आणि साहेबांनी ती कोठीच सोडली. रोगाच्या भीतीने रिकाम्या झालेल्या त्या घरात १८९९ला हाफकिनची प्रयोगशाळा आली. तो माणूस कलकत्त्याहून ऑक्टोबर १८९६ला मुंबईत उतरला, भायखळ्याला ग्रँट मेडिकलमधल्या छोट्याशा जागेत बसून तीन महिन्यांत लस केली आणि १० जानेवारी १८९७ला पहिली सुई स्वतःला टोचली. घाई म्हणतात ती ही! त्याने वाट बघितली असती तर?

ताई : पहिली सुई स्वतःला टोचली, हेच तर मी सांगतेय. लोकांना काय दिसलं? हा माणूस आमच्यावर करायचं ते आधी स्वतःवर करतो. पुढे आगाखानांनी आपल्या खोजा समाजासमोर स्वतःला लस टोचून घेतली, आणि हजारोंनी दंड पुढे केले. सोजीर घेऊन हिंडणाऱ्यांना जे जमलं नाही ते एका दंडाने केलं. दुसरं, ज्या लोकांना ऑर्थर रोडला पाय ठेवायचा नव्हता ते आपापल्या समाजाने काढलेल्या प्लेगच्या इस्पितळांत स्वतःहून गेले. तिथेही विलगीकरणच होतं ना? भिंती त्याच, खाटा त्याच. फक्त आत पाणी पाजणारा माणूस ओळखीचा होता. पुण्याकडे सावित्रीबाई फुले आणि त्यांचा मुलगा यशवंतराव याच कामाला लागले होते. रोगी उचलून आणता आणता सावित्रीबाई १० मार्च १८९७ला गेल्या.

मामाने हात जोडल्यासारखे केले. मामी आतून चहा घेऊन आली. चहा होईपर्यंत दोघं पावसाबद्दल बोलले. मग मामा पुन्हा मूळ पदावर आला.

मामा : सव्वाशे वर्षांपूर्वीचं राहू दे. २०१४चं बघ. नायजेरियात लागोस, आपल्यासारखंच अफाट शहर, इस्पितळांची तीच ओढाताण. २० जुलैला विमानातून एक माणूस इबोला घेऊन उतरला. डॉक्टर अमेयो अदादेवो नावाच्या बाईंनी तो ओळखला. त्याला सोडा म्हणून वरून दबाव आला. तरी बाईंनी सोडलं नाही. पुढच्याच महिन्यात त्या स्वतः इबोलाने गेल्या. पण देशभरात एकूण २० रुग्ण आणि ८ मृत्यू यावर साथ थांबली. २० ऑक्टोबरला देश मोकळा झाला. त्या बाईंनी ‘रुग्णाच्या भावना’ जपल्या असत्या तर लागोसचं काय झालं असतं?

ताई : त्या बाईंपुढे मी डोकं टेकवते. पण पुढचं का सांगत नाहीस? त्या रुग्णाच्या संपर्कात आलेली जवळजवळ नऊशे माणसं शोधली, आणि त्यांच्या घरी साडेअठरा हजार वेळा कुणीतरी जाऊन आलं. ताप आहे का, खायला आहे का, रोज विचारलं. हे लोक आले कुठून? पोलिओचे डोस द्यायला वर्षानुवर्षं दारोदार हिंडणारी यंत्रणा तिथे तयार होती, ती एका रात्रीत या कामाला लावली. दार वाजलं तेव्हा आतल्या बाईला चेहरा माहीत होता. आणि त्याच ऑगस्टमध्ये लायबेरियात, मन्रोव्हियाच्या वेस्ट पॉइंट झोपडपट्टीला सैन्याने वेढा घातला. दंगल झाली, गोळी चालली, एक कोवळा मुलगा मेला. दहा दिवसांत वेढा उठवावा लागला. वर्ष तेच, रोग तोच. पावलं दोन्हीकडे उचलली होती.

मामा : मग आपल्या धारावीला काय म्हणशील? आणि वरळी कोळीवाड्याला? मार्च २०२०च्या अखेरीला कोळीवाडा बंद केला. १ एप्रिलला धारावीत पहिला रुग्ण सापडला. अडीच चौरस किलोमीटरच्या आत लाखोंची वस्ती, संडास सार्वजनिक, एका खोलीत आठ-आठ माणसं. कडक बंदी घातली म्हणूनच वाचली.

ताई : नुसत्या बंदीने नाही वाचली. माझ्यासारखे खासगी डॉक्टर पीपीई घालून गल्लीगल्लीत ताप बघत हिंडले. शाळा, लग्नाचे हॉल, क्रीडासंकुल यांत विलगीकरण केलं आणि तिथे दोन वेळचं जेवण दिलं. सार्वजनिक संडास दिवसातून अनेकदा धुतले. रोगी येण्याची वाट न बघता त्याच्या मागावर जायचं, हे सूत्र होतं. जुलैत जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमुखांनी धारावीचं नाव घेतलं ते यासाठी. तरीही खरं तेच बोलूया. त्याच महिन्यात शहरातल्या तीन वॉर्डांत जवळपास सात हजार लोकांचं रक्त तपासलं, त्यात आपला माटुंग्याचा एफ उत्तर होता. झोपडपट्ट्यांत ५७ टक्के लोकांच्या रक्तात कोरोना होऊन गेल्याची खूण सापडली, बिल्डिंगांत १६ टक्के. म्हणजे विषाणूने बांबूच्या अडसराला जुमानलं नाही. वस्त्यांत तो आपल्याला कळला त्याच्या कित्येक पट फिरून गेला होता. आपण जीव वाचवले, इस्पितळं कोसळू दिली नाहीत, हे मोठंच. पण ‘अडवला’ म्हणून पाठ थोपटून घेतली तर पुढच्या वेळी फसू.

मामा : आकडा मलाही माहीत आहे. पण मला सांग, ताप असूनही कामावर जाणारा, लपवणारा, शंभर जणांना लावणारा एखादा असतोच. त्याचं काय करायचं?

ताई : तो का लपवतो ते आधी विचारायचं. शिवडीच्या टीबी हॉस्पिटलात जाऊन बघ. क्षयाच्या बाबतीत सरकारने २०१८ला दोन गोष्टी केल्या. एक, रुग्ण न कळवणाऱ्या डॉक्टरला, औषधवाल्याला शिक्षेची तरतूद. दुसरी, उपचार चालू असलेल्या रुग्णाच्या खात्यात महिन्याला ५०० रुपये, पोषणासाठी. ते आता १००० झाले. पैसे थोडे आहेत, कधी उशिरा मिळतात. पण दिशा बघ. शिक्षा डॉक्टरला, मदत रुग्णाला. १८९६ला याच्या बरोबर उलटं होतं.

मामा : आणि तू कळवतेस सगळे?

ताईने कप खाली ठेवला.

ताई : नाही. सगळे नाही. दोन वर्षांपूर्वी एकाच चाळीतली तीन मुलं एका आठवड्यात उलट्या-जुलाबांनी आली. मी सलाइन लावलं, पाणी उकळून प्या म्हटलं, आणि कळवायचं उद्यावर टाकलं. फॉर्म, फोन, मग चौकशी, आणि समोर वीस पेशंट बसलेले. चौथ्या दिवशी कळवलं तोवर आणखी अकरा झाले होते. पाण्याची लाइन गटाराजवळ फुटली होती. माझ्यावर तेव्हा कुणी सक्ती केली असती तर ती योग्यच ठरली असती.

गॅलरीत थोडा वेळ फक्त पागोळ्यांचा आवाज होता. मग मामा बोलला, आणि त्याचा आवाज उतरलेला होता.

मामा : माझंही ऐक मग. नोकरीचं पहिलं वर्ष. एका चाळीत कॉलऱ्याचा संशय म्हणून गेलो. अंगात खात्याचा जोर. चौकात उभा राहून वर बघत ओरडलो, कॉलरा कुणाकडे आहे? आणि एका खोलीचा नंबर घेतला. सगळ्या गॅलऱ्या भरल्या, सगळ्या माना त्या दाराकडे वळल्या. दुसऱ्या दिवशी साठ खोल्या हिंडलो. एकाही घरात जुलाब नव्हते! संडासात मात्र सगळं दिसत होतं. तिसऱ्या दिवशी आमच्या खात्यातली नर्सबाई बरोबर घेतली. ती कुठल्याच दारात रोगाचं नाव काढेना. पाणी कसं येतं, दुधाला नासका वास येतो का, बाळ किती महिन्यांचं, असं विचारत बसली. साखर-मिठाचं पाणी करून दाखवलं. संध्याकाळपर्यंत तिला सात घरं सापडली. तेव्हा कळलं, दार ठोकता मलाही येतं. पण ते आतून उघडतं.

ताई : मग तीस वर्षं माझ्याशी भांडतोस कशाला?

मामा : कारण ती नर्सबाई तिसऱ्या दिवशी गेली! पहिल्या दिवशी गेली असती तर बरं. आणि पहिल्या दिवशी जायला ती आधीपासून खात्यात असायला हवी, कायम नोकरीवर, त्याच चाळींत हिंडणारी. साथ आली की मानधनावर बायका गोळा करायच्या आणि ओसरली की घरी पाठवायच्या, याने भरवसा तयार होत नाही. तुझ्या भरवशाला माझी घाई लागते आणि माझ्या घाईला तुझा भरवसा. फक्त मी अजूनही म्हणेन, शेवटी एक वेळ अशी येते की विचारत बसता येत नाही. टाकी उघडी असेल, लाइन फुटली असेल, इस्पितळ आकडे दाबत असेल, तिथे मी पहिल्याच दिवशी नोटीस चिकटवणार.

ताई : चिकटव. टाकीवर, बिल्डरवर, इस्पितळावर, माझ्या दवाखान्यावर. आजारी माणसाच्या दारावर मात्र नको.

मामा : आणि त्याने शेवटपर्यंत दार उघडलं नाही तर?

ताई : तर त्याच्या आजवरच्या आयुष्यात आपण त्या दाराशी कधी गेलो होतो का, ते बघ.

यावर मामा काही बोलला नाही. त्याला ते पटलं असं मी म्हणणार नाही. त्याच्या मनात ती शंभरातली एक खोली तशीच बंद होती, आणि साथीच्या दिवसांत ती खोली खरी असते.

मी मात्र त्या रात्रीपासून एका गोष्टीवर ठाम आहे. साथ लवकर रोखायची म्हणजे पहिल्या रुग्णापासून मोजायला लागायचं नाही. १८९६ला व्हिएगस वेळेत बोलले. त्यांचं ऐकायला कुणी तयार नव्हतं, आणि नंतर लोकांशी बोलायला कुणी ओळखीचं उरलं नव्हतं. हे दोन्ही धागे साथ नसते त्या वर्षांत विणायचे असतात. एक, खालून आलेली बातमी वर दाबली जाणार नाही याची सोय. दुसरा, वॉर्डात बारा महिने दार वाजवणारी पगारी बाई, आणि आजारी पडल्यावर रोज न बुडण्याची हमी. २०२०ला लालबागच्या राजाच्या मंडळाने मूर्ती न बसवता आरोग्योत्सव केला. रक्तदानाला, प्लाझ्मा द्यायला रांगा लागल्या. या गल्ल्यांत माणसं पुढे येतात. ज्याच्यावर भरवसा आहे त्याने हाक मारली पाहिजे.

दुसऱ्या दिवशी रविवारी सकाळी मामा बॅटरी घेऊन गच्चीवर गेला आणि टाकीचं झाकण नीट बसवून आला. खाली जिन्यापाशी चाळीचा फळा आहे, पाण्याच्या वेळा आणि वर्गणीची आठवण त्यावर असते. मामाने ठसठशीत अक्षरांत लिहिलं : ‘दर शनिवारी पिंपं, कुंड्यांच्या ताटल्या रिकाम्या करून कोरड्या करणे. तपासणी होईल.’ ताईने खडू घेतला आणि त्याखाली आपल्या डॉक्टरी अक्षरात, वाचता येईल इतपत सावकाश लिहिलं : ‘साचलेल्या पाण्यातून चाललात, ताप आला, जुलाब झाले, तर दवाखान्यात या किंवा मला बोलवा. खोली नंबर कुणाला सांगितला जाणार नाही.’